पिंग जातो, पण काम होत नाही: पुणे–रत्नागिरी टनेलबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या मुख्य ऑफिसात स्थिर पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) असलेलं डेबियन लिनक्सचं मशीन आहे. रत्नागिरीच्या शाखेत जुन्या डेस्कटॉपवर फ्रीबीएसडी १४ ही युनिक्स घराण्यातली प्रणाली चालते. दोघांमध्ये जीआरई टनेल होता, म्हणजे इंटरनेटवरून दोन मशीनना जोडणारी आभासी वाट. पिंग, म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतं का हे पाहणारं छोटं पॅकेट, सुरळीत जायचा, पण पुण्याहून रत्नागिरीला एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) केलं की पासवर्ड विचारण्याआधीच ते लटकायचं, आणि डेटाबेसची कॉपी सुरू होऊन जागच्या जागी थांबायची. त्यातच रत्नागिरीची इंटरनेट लाइन बदलली. आता राउटरवर १००.७२ ने सुरू होणारा पत्ता दिसतो आणि टनेल पूर्णच बंद पडला आहे. सुरक्षेसाठी पुण्याच्या फायरवॉलमध्ये पिंग सोडून सगळा आयसीएमपी, म्हणजे नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारे निरोप, अडवलेला आहे. दोन्ही ऑफिसचं आतलं नेटवर्क १९२.१६८.१.० हेच आहे आणि पुढे ती दोन्ही नेटवर्क जोडायची आहेत. आता एसएसएचचाच टनेल करावा, ओपनव्हीपीएन लावावं की आणखी काही?

वायरगार्ड लावा, म्हणजे एन्क्रिप्शन असलेला टनेल. पण तेवढं सांगून थांबलो तर तुमचं नुकसान होईल. जीआरईमध्ये जे बिघडलं होतं ते वायरगार्डमध्येही तसंच बिघडू शकतं आणि मग तुम्ही तिसरं साधन शोधायला निघाल. म्हणून आधी जुना रोग समजून घेऊ.

टनेल म्हणजे लिफाफ्यात घातलेला लिफाफा. आतल्या पॅकेटवर तुमचे खासगी पत्ते असतात, बाहेरच्यावर दोन मशीनचे पब्लिक पत्ते. वाटेतले राउटर फक्त बाहेरचा पत्ता वाचतात. टनेलच्या कुठल्याही बिघाडात मी पहिला प्रश्न हाच विचारतो: अडलंय ते आतलं पॅकेट की बाहेरचं? याचं उत्तर मिळेपर्यंत मी एकही सेटिंग बदलत नाही.

तुमच्या जुन्या टनेलमध्ये बाहेरचं पॅकेट अडत होतं, आणि कारण होतं फक्त ८ बाइट. हिशेब बघा. इथरनेटवर एका पॅकेटचं कमाल माप, म्हणजे एमटीयू, १५०० बाइट. जीआरई त्यातले २४ बाइट खातो: २० बाहेरच्या आयपी हेडरचे, ४ स्वतःच्या हेडरचे. त्यामुळे टनेल इंटरफेसने आपलं माप १४७६ धरलं. पण रत्नागिरीची लाइन पीपीपीओई होती, म्हणजे राउटर नाव-पासवर्ड देऊन सेवा देणाऱ्याशी जोडला जातो तशी. पीपीपीओई स्वतःचे ८ बाइट घेतं आणि लाइनचं माप १४९२ होतं. हे पीपीपीओई राउटरवर संपत होतं आणि तुमची दोन्ही मशीन साध्या इथरनेटवर होती, म्हणून त्यांना याचा पत्ताच नव्हता. पुण्याचं मशीन १४७६ चं आतलं पॅकेट २४ बाइटच्या वेष्टनात घालून १५०० चं करून पाठवायचं, आणि सेवा देणाऱ्याच्या शेवटच्या टप्प्यावर ते १४९२ च्या फटीतून जायचं नाही.

अशा वेळी त्या टप्प्यावरचा राउटर मागे निरोप पाठवतो: पॅकेट मोठं आहे, तुकडे करायला मनाई आहे, १४९२ पर्यंतचं पाठव. ही पद्धत १९९० च्या आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात लिहिली गेली आणि आजही सर्रास वापरली जाते. पण हा निरोप आयसीएमपीने येतो, आणि तुमची फायरवॉल तो दारातच टाकून देत होती. पाठवणाऱ्याला कळलंच नाही, तो तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहिला.

पिंग का जात होता, ते आता उघड आहे. साधा पिंग ८४ बाइटचा असतो, कुठल्याही फटीतून जातो. एसएसएचचं पहिलं हस्तांदोलनही छोट्या पॅकेटांचं असतं, म्हणून कनेक्शन झाल्यासारखं दिसतं. नंतर क्लायंट आपल्याला येणाऱ्या सगळ्या एन्क्रिप्शन पद्धतींची लांबलचक यादी पाठवतो, ते असतं पहिलं भरलेलं पॅकेट, आणि तिथेच सगळं गोठतं. डेटाबेसचंही तेच: लॉगिन होतं, छोटी क्वेरी चालते, मोठं टेबल यायला लागलं की शांतता. छोटं जातं आणि मोठं अडतं असं दिसलं की दुसरीकडे कुठेही बघू नका, आधी एमटीयू मोजा.

मोजायचं कसं? पिंगला ‘तुकडे करू नको’ असं सांगून माप वाढवत न्या. लिनक्सवर त्यासाठी हायफन कॅपिटल एम आणि पुढे डू असा पर्याय आहे, फ्रीबीएसडीवर हायफन कॅपिटल डी, आणि माप दोन्हीकडे हायफन एस ने देतात. तुम्ही देता त्या आकड्यात २८ मिळवले की पॅकेटचं खरं माप निघतं: २० आयपी हेडरचे, ८ आयसीएमपीचे. १४७२ गेलं तर वाट १५०० ची आहे. १४७२ अडलं आणि १४६४ गेलं तर १४९२ ची, म्हणजे जवळजवळ नक्की पीपीपीओई. ही मोजणी टनेलच्या बाहेरून करायची, पब्लिक पत्त्यावर. टनेलच्या आतून मोजलंत तर दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात आणि डोकं फिरतं.

फायरवॉलबद्दल एक कळकळीची विनंती. पिंग अडवायचा असेल तर खुशाल अडवा, पण आयसीएमपीचा ‘पोहोचता येत नाही’ हा प्रकार, विशेषतः त्यातला तुकड्यांची गरज सांगणारा निरोप, उघडा ठेवा. तुम्ही नेमकं उलट केलं होतं, आणि ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की तुम्हाला दोष द्यावासा वाटत नाही. आयसीएमपी म्हणजे हल्ला, असं कुणीतरी कधीतरी शिकवलेलं असतं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतं. आयपीव्ही६ वर (पत्त्यांची नवी पद्धत) तर हा निरोप अडवला की विषयच संपला, कारण तिथे वाटेतले राउटर पॅकेटचे तुकडे करतच नाहीत.

आता दुसरा भाग: लाइन बदलल्यावर टनेल का मेला. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली आरएफसी ६५९८ ने सेवा देणाऱ्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले. पब्लिक आयपीव्ही४ पत्ते पुरत नाहीत, म्हणून एका पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. तुमचा १००.७२ त्यातलाच. बाहेरून या पत्त्यावर कुणीही येऊ शकत नाही. आतून बाहेर जाता येतं, आणि उत्तर परत येतं ते सेवा देणाऱ्याच्या मधल्या यंत्राने पोर्ट क्रमांकाची, म्हणजे कुठलं संभाषण कुणाचं हे सांगणाऱ्या आकड्याची, नोंद ठेवलेली असते म्हणून.

जीआरईला पोर्टच नसतं. तो टीसीपी (हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवणारी पद्धत) नाही, यूडीपी (पाठवून मोकळी होणारी पद्धत) पण नाही. तो आयपीवरचा स्वतंत्र प्रोटोकॉल आहे, क्रमांक ४७. साधा आयपीमध्ये आयपी (आयपीआयपी) टनेल क्रमांक ४, एन्क्रिप्शनच्या आयपीसेक या मानकातला ईएसपी क्रमांक ५०. पोर्ट पाहून ग्राहक ओळखणाऱ्या यंत्रासमोर बिनपोर्टचं पॅकेट आलं तर ते कुणाचं हे त्याला ठरवता येत नाही. आयपीसेकने यावर उपाय म्हणून ईएसपीलाच यूडीपीच्या ४५०० पोर्टात गुंडाळलं. साध्या जीआरईत अशी सोय नसते. शिवाय पुण्याच्या बाजूला समोरचा पत्ता पक्का लिहिलेला होता, तो आता अस्तित्वातच नाही.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही पण मला सांगावीच लागेल. जीआरईमध्ये एन्क्रिप्शन नाही आणि ओळखपरेडही नाही. तुमचा डेटाबेस इतके दिवस उघड्या पोस्टकार्डावर प्रवास करत होता. समोरच्याचा पत्ता खोटा लिहून कुणीही टनेलमध्ये पॅकेट घुसवू शकलं असतं. जीआरई किंवा आयपीआयपी वाईट नाहीत. १९९२ साली एमबोन हे एकाच वेळी अनेकांना आवाज-चित्र पोहोचवणारं नेटवर्क उभं राहिलं तेव्हा मधल्या राउटरना मल्टिकास्ट (एकच पॅकेट अनेकांना देणं) कळत नव्हतं, म्हणून युनिक्स वर्कस्टेशनवर एमराउटेड हा प्रोग्राम चालवून त्यांच्यामध्येच टनेल टाकले होते, आणि त्यावरून इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या सभेचा आवाज दूरदूरच्या ठिकाणी ऐकू गेला. हौशी रेडिओवाल्यांचं ४४ ने सुरू होणारं नेटवर्कही वर्षानुवर्षं आयपीआयपी टनेलांच्या जाळ्यावर चाललं. ती कामगिरी आजही मला थोर वाटते. पण तिथे काही लपवायचं नव्हतं. तुमच्याकडे ग्राहकांची माहिती आहे. सार्वजनिक इंटरनेटवरून उघडा जीआरई नको.

एसएसएचचा टनेलही नको, निदान कायमचा नको. ओपनएसएसएचला २००६ मधल्या ४.३ आवृत्तीपासून टन इंटरफेस (आभासी नेटवर्क कार्ड) उघडता येतो आणि अडीअडचणीला मी तो वापरतो. रात्रीपुरतं काम भागवायला तो उत्तम आहे. पण त्यात टीसीपीच्या पोटात टीसीपी जातं. लाइनवर एक पॅकेट हरवलं की बाहेरचं टीसीपी ते पुन्हा पाठवतं आणि तोपर्यंत मागचं सगळं रोखून धरतं. आतल्या टीसीपीला वाटतं आपलंच पॅकेट हरवलं, म्हणून तेही पुन्हा पाठवतं. दोघांचे थांबण्याचे काळ वेगवेगळ्या गतीने वाढत जातात, आतलं बाहेरच्यावर आणखी ओझं टाकतं, आणि थोडीशी खराब लाइन पूर्ण ठप्प होते. पावसाळ्यात कोकणातली लाइन कशी असते हे तुम्हाला मी सांगायला नको.

ओपनव्हीपीएन यूडीपीवर चांगलं चालतं. समोरच्या नेटवर्कमधून फक्त टीसीपी ४४३ बाहेर पडू देत असतील, तर टीसीपीचे तोटे पत्करून मी तेच लावतो. आयपीसेक मी लावतो ते समोर बँकेचा किंवा सरकारी खात्याचा राउटर असेल आणि त्यांची अटच तशी असेल तेव्हा. तुमची दोन्ही मशीन तुमच्या ताब्यात आहेत, मग एवढा पसारा कशाला? वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्स ५.६ च्या कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) आलं, त्याच वर्षी ओपनबीएसडी ६.८ मध्ये, आणि फ्रीबीएसडीत १३.२ पासून आहे. तुमच्या दोन्ही बाजूंना ते कर्नलमध्येच तयार आहे.

सुरुवात मात्र पत्त्यांपासून करा. दोन्हीकडे १९२.१६८.१.० असेल तर दोन नेटवर्क जोडता येत नाहीत. पुण्याच्या मशीनने १९२.१६८.१.५० ला पॅकेट पाठवलं तर ते आपल्याच खोलीत शोधेल, रत्नागिरीला कशाला जाईल? पत्त्यांचं भाषांतर करून यातून मार्ग काढता येतो, पण सहा महिन्यांनी ते तुम्हालाच समजणार नाही. शाखेत कमी मशीन असतील, तर एका रविवारी तिथले पत्ते बदला. समजा पुणे १०.२०.१.०, रत्नागिरी १०.४०.१.०, दोन्ही २४ च्या मास्कने (पहिले तीन आकडे नेटवर्कचे), आणि टनेलसाठी १०.९९.०.१ व १०.९९.०.२. एवढ्या नंबरांनी मी इथून पुढे बोलतो. १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ पुण्यातही वापरू नका. उद्या कुणी घरून जोडणी मागेल आणि त्याच्या घरच्या राउटरवर नेमके तेच पत्ते असतील.

वायरगार्ड मशीन ओळखतं ते किल्ल्यांच्या जोडीवरून, एक खासगी आणि एक सार्वजनिक. त्या ज्या मशीनच्या त्याच मशीनवर तयार करा. खासगी किल्ली त्या मशीनबाहेर जाऊ देऊ नका, फाइल फक्त रूट या मुख्य वापरकर्त्याला वाचता येईल अशी ठेवा. फक्त सार्वजनिक किल्ली दुसऱ्या बाजूला द्यायची. ती ४४ अक्षरांची असते आणि बरोबरच्या चिन्हाने संपते. कॉपी करताना शेवटचं ते चिन्ह सुटणं ही रोजची चूक आहे.

पुण्याच्या बाजूला ऐकण्याचं पोर्ट ठेवा, नेहमीचं ५१८२० चालेल, आणि फायरवॉलमध्ये ते यूडीपीसाठी उघडा. रत्नागिरीचा पत्ता पुण्यात लिहायचाच नाही. रत्नागिरी स्वतः बोलायला येईल, तिचं पॅकेट किल्लीने ओळखलं जाईल, आणि ते ज्या पत्त्या-पोर्टावरून आलं तो पुणे लक्षात ठेवेल. उद्या पत्ता बदलला तरी पुढच्या पॅकेटबरोबर पुण्याला नवा पत्ता कळतो. रत्नागिरीच्या बाजूला मात्र पुण्याचा स्थिर पत्ता आणि पोर्ट लिहा, आणि पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा. मधल्या यंत्रातली यूडीपीची नोंद काही काळ शांतता राहिली की पुसली जाते, बऱ्याच ठिकाणी अर्ध्या मिनिटातच. एकदा पुसली की पुण्याहून रत्नागिरीला जायची वाट बंद, तिकडून कुणी बोलेपर्यंत. दर २५ सेकंदांनी एक रिकामं पॅकेट गेलं की नोंद जिवंत राहते. हे फक्त रत्नागिरीच्या बाजूला हवं.

पुण्याचा पत्ता आकड्यांऐवजी नावाने लिहिणार असाल तर एक लक्षात ठेवा: वायरगार्ड ते नाव इंटरफेस उभा करताना एकदाच सोडवतं. नंतर डीएनएसमध्ये पत्ता बदलला तरी त्याला कळत नाही. पत्ता स्थिर आहे, आकडेच लिहा.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडतात ते सेटिंग: अलाउड आयपीज. नावावरून ती परवानग्यांची यादी वाटते. प्रत्यक्षात ती दोन कामं करते. बाहेर जाताना, कुठल्या पत्त्याचं पॅकेट कुठल्या किल्लीने बंद करायचं हे तिच्यावरून ठरतं. आत येताना, या किल्लीने उघडलेल्या पॅकेटवर पाठवणारा म्हणून कुठला पत्ता चालेल हेही तिच्यावरूनच. म्हणून पुण्यात रत्नागिरीच्या नावापुढे दोन गोष्टी हव्यात: १०.९९.०.२ हा एकटा पत्ता, ३२ च्या मास्कने, आणि १०.४०.१.० चं पूर्ण नेटवर्क. दुसरी विसरलात तर दोन मशीन एकमेकांशी बोलतील, पण शाखेतल्या बाकीच्या मशीनची पॅकेटं पुण्यात पोहोचून, उघडून, गुपचूप टाकली जातील. लॉगमध्ये ओळसुद्धा येणार नाही. आणि उद्या तिसरी शाखा जोडताना तिच्यापुढेही चुकून हेच नेटवर्क लिहिलंत, तर शेवटी लिहिलेलीला ते मिळतं आणि रत्नागिरी विनाकारण बंद पडते.

पत्त्यांची ही यादी म्हणजे कर्नलचा रूटिंग टेबल (कुठल्या पत्त्याला कुठल्या वाटेने, म्हणजे रूटने, जायचं याचा तक्ता) नव्हे, हेही ध्यानात घ्या. वायरगार्डसोबतची डब्ल्यूजी-क्विक ही स्क्रिप्ट वापरलीत तर ती यादीवरून रूट आपोआप लावते. नुसती डब्ल्यूजी ही आज्ञा वापरलीत तर रूट तुम्हालाच लावावे लागतात.

दोन्ही मशीनवर पॅकेट पुढे पाठवण्याची परवानगी चालू करा. लिनक्सवर सिस्कंट्रोलमधून आयपी फॉरवर्ड, फ्रीबीएसडीवर आरसी डॉट कॉन्फमध्ये गेटवे एनेबल. आणि मग परतीचा रूट. पुण्यातल्या बाकीच्या मशीनना १०.४०.१.० ठाऊकच नाही. त्या उत्तर आपल्या नेहमीच्या इंटरनेट राउटरकडे देतील आणि तो ते फेकून देईल. म्हणून पुण्याच्या मुख्य राउटरवर लिहा, की १०.४०.१.० कडे जायचं असेल तर डेबियन मशीनमार्गे. रत्नागिरीतही तसंच उलट. परतीचा रूट लावायचा कंटाळा म्हणून टनेलवर पत्ते झाकून टाकणारे खूप आहेत. काम होतं, पण मग पुण्याच्या डेटाबेसच्या लॉगमध्ये रत्नागिरीचे सगळे लोक एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात, आणि कुणी काय केलं हे शोधायची वेळ येते तेव्हा हात चोळत बसावं लागतं.

एमटीयू. वायरगार्डचे स्वतःचे ३२ बाइट, यूडीपीचे ८, बाहेरच्या आयपीव्ही४ चे २०, मिळून ६०. बाहेर आयपीव्ही६ असेल तर ८०. नेहमीचं १४२० हे माप १५०० मधून ८० वजा करून आलं आहे. तुमची नवी लाइनही १४९२ ची धरली आणि आयपीव्ही४ ने गेलात तर १४३२ पर्यंत जागा आहे, म्हणजे १४२० चालतं. पण उद्या कुणी पुण्याचा आयपीव्ही६ पत्ता लिहिला, तर जागा १४१२ ची उरते, आणि तोच जुना ८ बाइटांचा रोग परत येतो. म्हणून दोन्ही बाजूंना आजच १४१२ लिहून टाका. लाइन मोबाइलवरची असेल आणि नीट मोजता येत नसेल तर मी सरळ १२८० लिहितो. थोडा वेग जातो, पण रात्री फोन येत नाही.

त्याच्या जोडीला टीसीपीच्या तुकड्याचं कमाल माप, म्हणजे एमएसएस, टनेलवर आवळा. एमटीयूतून ४० वजा केले की झालं: १३७२. आतल्या मशीनना टनेल आहे हेच माहीत नसतं. हे आवळलं की त्या पहिल्या हस्तांदोलनातच लहान पॅकेटांवर सहमत होतात. लिनक्सच्या एनएफटेबल्स फायरवॉलमध्ये हे रूटच्या एमटीयूवरून आपोआप ठरवता येतं, फ्रीबीएसडीच्या पीएफ फायरवॉलमध्ये स्क्रबच्या ओळीत मॅक्स-एमएसएस लिहावं लागतं. हा उपाय फक्त टीसीपीचा आहे. म्हणून आयसीएमपी उघडा ठेवण्याची गरज संपत नाही.

आता तुमच्या त्या जुन्या डेस्कटॉपबद्दल. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, आधी बदला. हसू नका, हा टनेलचाच भाग आहे. वायरगार्डच्या हस्तांदोलनात वेळेचा शिक्का असतो. एखाद्याने जुनं पॅकेट पकडून पुन्हा पाठवलं तर ते ओळखू यावं म्हणून पुणे प्रत्येक किल्लीमागे शेवटचा मोठ्यात मोठा शिक्का लक्षात ठेवतं आणि त्याच्या मागचं काहीही स्वीकारत नाही. सेल मेलेला असेल तर वीज जाऊन आल्यावर मशीनचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग रत्नागिरी दर काही सेकंदांनी दार ठोठावते आणि पुणे गप्प बसून राहतं. आणि वेळ जुळवणारा एनटीपी सर्व्हर टनेलच्या पलीकडे पुण्यात असेल तर कोंडीच: वेळ बरोबर नाही म्हणून टनेल नाही, टनेल नाही म्हणून वेळ नाही. मला ही गाठ पहिल्यांदा सुटायला दोन दिवस लागले होते, कारण किल्ल्या, पोर्ट, फायरवॉल सगळं बरोबर होतं. म्हणून सेल बदला, एनटीपी टनेलबाहेरच्या सर्व्हरवरून घ्या, आणि फ्रीबीएसडीत एनटीपीडीला सुरू होतानाच वेळ एकदम दुरुस्त करायची मुभा द्या. उलटंही घडतं: घड्याळ चुकून पुढच्या वर्षात गेलं, तेवढ्यात एक हस्तांदोलन झालं, नंतर वेळ सुधारली. तेव्हा पुण्याच्या बाजूची ती नोंद काढून पुन्हा घालावी लागते, म्हणजे जुना शिक्का विसरला जातो.

टनेल उठला नाही तर शोधायचं कसं? चार जागी कान लावा: पुण्याचा आतला इंटरफेस, पुण्याचा बाहेरचा, रत्नागिरीचा बाहेरचा, रत्नागिरीचा आतला. येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा टीसीपीडंप दोन्ही प्रणालींवर सारखाच चालतो. वायरगार्डच्या इंटरफेसवर ऐकलंत तर आतली पॅकेटं उघडी दिसतात. खऱ्या नेटवर्क कार्डावर यूडीपी ५१८२० ऐकलंत तर बंद लिफाफे दिसतात. रत्नागिरीच्या बाहेरच्या कार्डावरून लिफाफा निघाला आणि पुण्याच्या कार्डावर दिसला नाही, तर दोष वाटेत आहे. पुण्यात लिफाफा दिसला पण उत्तर निघालं नाही, तर किल्ली, घड्याळ किंवा पुण्याची फायरवॉल. टीसीपीडंप फायरवॉलच्या आधी ऐकतो, त्यामुळे तिथे दिसलं म्हणजे आत पोहोचलं असं समजू नका. लिफाफा पुण्यात उघडला, आतलं पॅकेट टनेल इंटरफेसवर दिसलं, पण ऑफिसच्या बाजूच्या कार्डावर बाहेर पडलं नाही, तर फॉरवर्डिंग बंद आहे किंवा फायरवॉल अडवते. तेही दिसलं आणि उत्तर आलं नाही, तर परतीचा रूट. लिनक्सवर आणखी एक छुपी जागा आहे, आरपी फिल्टर: पॅकेट ज्या इंटरफेसवरून आलं त्यावरून उत्तर जाणार नसेल तर कर्नल ते टाकून देतो. ही तपासणी कडक ठेवली असेल आणि पुण्यात दोन लाइन असतील तर तिथे बघा.

पोर्ट उघडं आहे की नाही हे पोर्ट स्कॅनरने तपासायला जाऊ नका. ओळख न पटलेल्या पॅकेटला वायरगार्ड काहीच उत्तर देत नाही, नकारसुद्धा नाही. स्कॅनरला ते फायरवॉलने गुपचूप अडवलेल्या दारासारखंच दिसतं. खरी खूण एकच: डब्ल्यूजी शो मध्ये शेवटचं हस्तांदोलन किती वेळापूर्वी झालं ते.

तुम्ही शाखेचं सगळं इंटरनेटही पुण्यामार्गे नेण्याचा विचार कधी कराल, म्हणून हे आधीच सांगतो. सगळी वाहतूक टनेलमध्ये वळवली की लिफाफेही त्याच टनेलमध्ये शिरू बघतात, आणि टनेल स्वतःलाच गिळतो. पुण्याच्या पब्लिक पत्त्यासाठी जुन्या राउटरमार्गे वेगळा रूट आधी लावायचा, मगच बाकीचं वळवायचं. लिनक्सवर डब्ल्यूजी-क्विक ही काळजी घेतं. हाताने रूट लावणाऱ्याने स्वतः घ्यायची. बऱ्याच वर्षांपूर्वी मी पणजीतल्या एका मशीनवर रात्री ११ वाजता हा क्रम उलटा केला. माझं कनेक्शन त्याच क्षणी गेलं, आणि सकाळी तिथलं ऑफिस उघडून कुणीतरी मशीन बंद-चालू करेपर्यंत त्यांचं बिलिंग थांबलेलं होतं. तेव्हापासून दूरच्या मशीनवर रूट किंवा फायरवॉलला हात लावण्याआधी मी शटडाउनला १० मिनिटांनी रीस्टार्टची वेळ देतो. बदल आधी फक्त चालू स्थितीत करतो, फाइलमध्ये लिहीत नाही. नवं कनेक्शन उघडून आत येता आलं तर रीस्टार्ट रद्द करतो आणि मगच फाइलमध्ये लिहितो. आत येता आलं नाही तर १० मिनिटांत मशीन जुन्या स्थितीत परत येतं. रत्नागिरीला पोहोचायला तुम्हाला पाच-सहा तास लागतात. त्यापुढे ही १० मिनिटं काहीच नाहीत.

वेगाची काळजी तुमच्या अंतरात फारशी करू नका. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे ३०० किलोमीटरला जाऊन-येऊन ३ मिलिसेकंद. पिंग त्याच्या कितीतरी पट दिसेल, कारण वाट सरळ नसते. पण उद्या तुम्ही बॅकअपचं मशीन युरोपात घेतलंत आणि जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद लागू लागले, तर गणित बदलतं. १०० मेगाबिटची लाइन भरलेली ठेवायला एका वेळी सव्वा मेगाबाइट वाटेत असावं लागतं. एखाद्या जुन्या प्रोग्रामने आपली खिडकी, म्हणजे पोच न मिळता वाटेत ठेवायच्या डेटाची मर्यादा, ६४ किलोबाइटवर अडवून ठेवली असेल, तर लाइन कितीही मोठी घ्या, ५ मेगाबिटच्या आसपासच मिळतील. लोक टनेलला दोष देतात, पण तिथे टनेलचा संबंध नसतो.

शेवटी पहारा. कीपअलाइव्ह चालू असताना साधारण दर २ मिनिटांनी नवं हस्तांदोलन होतं, आणि ३ मिनिटांनंतर आधीच्या हस्तांदोलनात ठरलेल्या तात्पुरत्या किल्लीवरची पॅकेटं स्वीकारली जात नाहीत. पुण्याच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) दर मिनिटाला शेवटच्या हस्तांदोलनाचं वय तपासणारी चार ओळींची स्क्रिप्ट टाका. ५ मिनिटांच्या वर गेलं की फोनवर संदेश. आणि त्याच स्क्रिप्टमध्ये टनेलमधून एक पिंग पूर्ण मापाचा पाठवा, १४१२ मधून २८ वजा करून १३८४ चा, तुकडे न करता. छोटा पिंग तुमच्या जुन्या टनेलमध्येही जातच होता.